परसबागही शिकवावी लागते

प्रभू येशूने पेरणाऱ्याचा दृष्टान्त सांगितला, तेव्हा शिष्यांनी त्यातील आध्यात्मिक अर्थ विचारला. परंतु खडकाळ जमीन म्हणजे काय, किंवा काट्यांत पडलेले रोप का गुदमरते, हे त्या श्रोत्यांपैकी कोणी विचारले नाही. ते विचारण्याची गरजच नव्हती. गालीलातील कोळ्यासही शेत ठाऊक होते. आज तोच दृष्टान्त वडोदरा, हैदराबाद, इंदूर अथवा बेळगाव येथील चर्चमध्ये वाचला जातो, तेव्हा ऐकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या जगात मेथी ही जुडी बांधूनच जन्मास येते आणि टोमॅटो तागडीत पिकतो. उपदेश करणाऱ्यास आधी बी, मग माती, मग काटे, हे सारे समजावून सांगावे लागते. दृष्टान्ताचा अर्थ त्यानंतर.

ह्यात उपहास करण्यासारखे काही नाही. शहर माणसास नोकरी देते, शाळा देते, दवाखाना देते. परंतु अन्न कसे उपजते ह्याचे ज्ञान दोन पिढ्यांत त्याच्या हातून काढून घेते. आजा गावाहून आला तेव्हा ते ज्ञान त्याच्या बोटांत होते. मुलाने ते निदान सुटीत पाहिले. नातवास ते ऐकूनही ठाऊक नाही. सुखवस्तू घरात ही केवळ एक हौस हरपल्याची गोष्ट ठरेल. परंतु ज्या घरात महिनाअखेरीस सर्वांत प्रथम भाजीच्या खर्चास कात्री लागते, तेथे ती आरोग्याची बाब होते. रेशनच्या गहूतांदळाने पोट भरते; परंतु रक्तास लागणारे लोह आणि डोळ्यांस लागणारे ‘अ’ जीवनसत्त्व ह्यांचा भार गरिबाच्या ताटात पुष्कळसा डाळीवर आणि हिरव्या पाल्यावरच असतो. पाला गेला की पोट भरलेले राहून शरीर उपाशी पडते. आपल्या धर्मग्रामांतील धर्मादाय मंडळे धान्य देतात, औषध देतात, शाळेची फी भरतात. ताजी भाजी मात्र कोठीत साठवून वाटता येत नाही. ती ज्याची त्यास जवळच पिकवावी लागते.

म्हणूनच ‘शहरी शेती’ हा शब्द अलीकडे वारंवार कानी येतो. कुंड्या वाटल्या जातात, बियांची पाकिटे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. आणि दोन महिन्यांनी त्याच कुंड्यांत वाळलेल्या काड्या व सिमेंटसारखी घट्ट झालेली माती आढळते. दोष कुंडीचा नाही आणि घेणाऱ्याच्या आळसाचाही नाही. जमीन मिळविता येते, बी देता येते. परंतु आठवड्यामागून आठवडा येऊन वाफ्याशेजारी उभा राहणारा शिक्षक नसेल, तर दोन्ही वाया जातात. ज्या ज्या ठिकाणी शहरातील माणसांनी खरोखर अन्न पिकविले, त्या त्या ठिकाणचा इतिहास हेच सांगतो. त्यातील काही पाने आज वाचकांपुढे उघडावयाची आहेत. त्यांपैकी दोहोंशी आपल्या ख्रिस्तसभेचा निकटचा संबंध आहे.

खाणकामगारांचे वाफे

फ्रान्समधील सँ-एतियेन हे कोळशाच्या खाणींचे आणि कारखान्यांचे शहर. १८९४-९५ च्या सुमारास तेथील येशूसंघीय शिक्षक फादर फेलिक्स व्होल्पेट ह्यांनी गरीब कामगार कुटुंबांसाठी शहराच्या कडेची जमीन मिळविली, तिचे लहान लहान तुकडे केले आणि एकेका कुटुंबास एकेक तुकडा कसावयास दिला. पोप लिओ तेरावे ह्यांचे कामगारांविषयीचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र १८९१ साली निघाले होते. जो मनुष्य स्वतःच्या मालकीची भूमी कसतो तो अधिक उमेदीने राबतो, आणि कष्टकऱ्यास थोडीबहुत मालमत्ता जोडता आली पाहिजे, असा विचार त्यात मांडलेला होता. तो विचार बटाट्याच्या सरीत उतरविण्याचे काम अशा धर्मगुरूंनी केले.

त्यांच्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव आबे झ्यूल लेमीर ह्यांचे. हे अझब्रुक येथील लोकप्रतिनिधी. १८९३ साली फ्रान्सच्या संसदेत निवडून आले आणि १९२८ साली मृत्यू येईपर्यंत तेथे राहिले. १८९६ साली त्यांनी कामगारांस जमिनीचा तुकडा व घरकुल मिळावे म्हणून एक संघटना स्थापन केली. ‘कामगारबागा’ ह्या नावाने ती चळवळ साऱ्या फ्रान्सभर आणि शेजारच्या देशांत पसरली. १९२६ साली लक्झेंबर्ग येथे तिचा आंतरराष्ट्रीय संघही उभा राहिला. फ्रान्समधील शहरांच्या कडेला आजही ज्या कौटुंबिक बागा दिसतात, त्यांचे मूळ ह्या धर्मगुरूच्या खटपटीत आहे.

लेमीर ह्यांची दृष्टी साधी होती. दिलेली भिक्षा संध्याकाळपर्यंत संपते आणि घेणाऱ्याची मान खाली घालते. दिलेला वाफा दुसऱ्या वर्षीही पीक देतो आणि घेणाऱ्याची मान वर ठेवतो. शिवाय सायंकाळी बाप, आई आणि मुले एकाच ठिकाणी एकाच कामास लागतात. कारखान्याने जे कुटुंब पाळीपाळीने विभागले होते, ते दुधीच्या मांडवाखाली पुन्हा एकत्र येते.

परंतु एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे. त्या काळचे पुष्कळसे कामगार खेड्यातून नुकतेच आलेले होते. कुदळ कशी धरावी हे त्यांस शिकवावे लागत नव्हते. त्यांस उणी होती ती जमीन. आपली स्थिती ह्याहून वेगळी आहे. आपल्यापाशी जमीन उणी आहेच, आणि कुदळ धरणारा हातही उणा झाला आहे. म्हणून आपणांस नुसता लेमीर पुरणार नाही. ह्यासाठी दुसऱ्या एका शहराकडे पाहू.

हवानाचा धडा

क्यूबा हे बेट कित्येक वर्षे सोव्हिएत गटाच्या व्यापारावर जगत होते. साखर जाई, त्याच्या बदल्यात तेल, खते, कीटकनाशके आणि धान्य येई. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि हा सारा आधार एकाएकी तुटला. ट्रॅक्टर तेलाअभावी उभे राहिले, बैल पुन्हा जुंपले गेले, गावाकडची भाजी शहरात आणावयास वाहन मिळेना. त्या काळास तेथील सरकारने ‘विशेष काळ’ असे सौम्य नाव दिले. लोकांनी तो उपासमारीचा काळ म्हणूनच अनुभविला. माणसांची वजने उतरली, आणि १९९० नंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत अपुऱ्या पोषणामुळे हजारो लोकांस दृष्टिदोषाचा व मज्जातंतूंचा विकार जडला.

तेव्हा राजधानी हवाना येथील लोक रिकाम्या जागांकडे वळले. पडक्या घरांचे चौथरे, कचरा टाकण्याची मैदाने, कारखान्यांची आवारे, जेथे जागा सापडली तेथे वाफे झाले. जेथे मूळची माती निकृष्ट किंवा सिमेंटने झाकलेली होती, तेथे विटा, दगड अथवा काँक्रीट ह्यांच्या बुटक्या भिंती घालून मधे बाहेरची माती व कुजलेले खत भरले. ह्या उंच वाफ्यांस तेथे ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. जो कसेल त्यास सरकारी जमीन वापरण्याचा हक्क विनामूल्य मिळे. मालकी नव्हे, वापर.

इतके झाल्यावरही भाजी उगवली असती असे नाही, कारण ह्या कामास लागलेल्यांत पेशाने शेतकरी नसलेली माणसे पुष्कळ होती. म्हणून १९९४ साली कृषी मंत्रालयात शहरी शेतीचे खास खाते निघाले आणि वस्तीवस्तीतून फिरणारे मार्गदर्शक नेमले गेले. त्याखेरीज छोटी दुकाने उघडली. तेथे बी मिळे, गांडूळखत मिळे, कीड मारणारी उपकारक बुरशी मिळे. आणि रोगट पान घेऊन गेले तर काय करावे ह्याचा सल्लाही मिळे. आजारी मुलास दवाखान्यात न्यावे, तसे लोक वांग्याचे पान घेऊन तेथे जात. रासायनिक कीटकनाशक मिळत नव्हते, आणि शहराच्या हद्दीत शेतीसाठी ते वापरावयासही बंदी होती. तेव्हा ज्ञान हेच औषध होते. हवानाच्या पूर्वेस आलामार येथे १९९७ साली मूठभर माणसांनी सुरू केलेला असाच एक सहकारी मळा पुढे शंभराहून अधिक लोकांस रोजगार देऊ लागला.

ह्या कथेचा अतिरेकी गौरवही करू नये. शहरी वाफ्यांनी हवानास भाजी दिली, भात दिला नाही. क्यूबा आजही आपल्या अन्नाचा मोठा भाग बाहेरून आणतो, आणि अलीकडच्या वर्षांत तेथे पुन्हा टंचाई आहे. गच्चीवर गहू पिकत नाही, हे ज्यास कळले त्यासच शहरी शेतीचे खरे मोल कळते: ती शेतकऱ्याची जागा घेत नाही, ती गरिबाच्या ताटातील रिकामा कोपरा भरते.

एका विद्यापीठाने काय केले

फिलिपीन्सच्या मिंदानाओ बेटावर कागायान दे ओरो नावाचे शहर आहे. तेथील झेवियर विद्यापीठ येशूसंघीय धर्मगुरूंचे. शहरातील भूमिहीन कुटुंबांसाठी २००३ सालापासून ह्या विद्यापीठाने, नगरपालिकेच्या व युरोपीय सहकाऱ्यांच्या साहाय्याने, वाटप-बागा उभारावयास आरंभ केला. रिकामी पडलेली खाजगी जागा मालकाच्या संमतीने घ्यावयाची, ती थोड्या कुटुंबांत विभागावयाची, प्रत्येक बागेत खताचा खड्डा ठेवावयाचा, आणि आसपासच्या घरांतील ओला कचरा वेगळा करून तेथे आणावयाचा, अशी ती योजना. काही बागा शाळांच्या आवारात होत्या. पिकाचा काही भाग घरी खाल्ला जाई, काही शेजाऱ्यांस दिला जाई, उरलेला विकला जाई.

ह्या योजनेतील विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, विद्यापीठाने गरिबास व्याख्यान ऐकावयास वर्गात बोलाविले नाही. कृषिशाखेचे ज्ञान घेऊन ते वाफ्यापर्यंत गेले. कुटुंबे एकाकी नव्हती. एकाच बागेत शेजारीशेजारी काम करीत असल्यामुळे एकाची चूक दुसऱ्यास शिकवीत असे. परसबागेचे शिक्षण हे पोहण्याच्या शिक्षणासारखे आहे. ते काठावर बसून होत नाही, आणि एकट्याने शिकणे धोक्याचे असते.

इंदूरची देणगी

मातीविषयी मात्र आपणांस परदेशी जावयास नको. उलट परदेशच आपल्याकडे आला होता. सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. आपण शिकविण्यास आलो, परंतु येथील शेतकरी आणि पिकांवरील कीड हेच आपले खरे अध्यापक ठरले, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. १९२४ पासून १९३१ पर्यंत ते इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. तेथे त्यांनी काडीकचरा, पालापाचोळा, शेण, जनावरांच्या मूत्राने भिजलेली माती आणि राख ह्यांचे थर रचून, ठरावीक काळाने ते उलथेपालथे करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. १९३१ साली दोघांच्या नावाने ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धती’ ह्या नावाने ओळखली जाते. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात आपल्या एका शहराचे नाव असे कायमचे कोरले गेले आहे.

पुढे कोल्हापूरकडील श्रीपाद अच्युत दाभोलकर ह्या गणिताच्या शिक्षकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला. सामान्य माणसाने स्वतः मोजावे, स्वतः लिहून ठेवावे आणि आपला अनुभव दुसऱ्यास सांगावा, ही त्यांची शिकवण. तिच्या प्रेरणेने मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील ह्यांनी स्वयंपाकघरातील कचऱ्याची माती केली आणि त्या मातीत फळझाडे व भाज्या वाढविल्या. जो कचरा रोज गाडीतून हलवावा लागे, तो जेथल्या तेथे जिरू लागला. ज्या शिक्षकाने शाळेत गणित शिकविले त्याचीच पद्धत गच्चीपर्यंत पोचली, हा योगायोग नव्हे. मोजणे आणि लिहिणे हाच शेतीचाही पाया आहे.

आठ आठवड्यांचा वर्ग

आता प्रत्यक्ष शिक्षण कसे द्यावे ते पाहू. दहाबारा कुटुंबे, एक जाणता मनुष्य आणि आठवड्यातून एक तास एवढ्यावर धर्मग्रामात असा वर्ग चालू शकतो. जाणता मनुष्य शोधावयास फार दूर जावयास नको. गावाहून आलेली एखादी आजी, निवृत्त माळी, कृषी महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी आपल्यातच असतो. त्यास कोणी विचारलेले नसते, इतकेच.

पहिल्या आठवड्यात काहीही पेरू नये. प्रत्येकाने आपल्या गच्चीत, सज्जात किंवा अंगणात सकाळी, दुपारी आणि सायंकाळी ऊन कोठे पडते हे पाहून कागदावर मांडावे. टोमॅटो, वांगी, मिरची ह्यांस दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. पालेभाजी चार तासांवरही निभावते. ज्या सज्जात ऊनच येत नाही तेथे टोमॅटो लावून निराश होण्यापेक्षा हे आधी कळलेले बरे.

दुसऱ्या आठवड्यात माती. स्वयंपाकघरातील साले व देठ ह्यांच्यावर दर वेळी दुप्पट वाळका पाला अथवा भुसा टाकावा. वास येऊ लागला तर कोरडा पाला कमी पडला असे समजावे. ह्या खतास दोनतीन महिने लागतात, म्हणून पहिल्या पेरणीसाठी शेणखत वा गांडूळखत बाहेरून आणावे लागते. कुंडीस खाली भोके असलीच पाहिजेत. पाणी निचरले नाही तर मूळ कुजते. नवशिक्यांची रोपे तहानेने मरतात त्याहून अधिक बुडून मरतात. बोट पेरभर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

तिसऱ्या आठवड्यात पेरणी, आणि तीही मेथीची. रात्रभर भिजविलेली मेथी सहासात इंच खोल ट्रेमध्ये पेरली, तर सुमारे तीनचार आठवड्यांत काढणीस येते. शिकाऊ माणसास पहिले यश लवकर मिळाले पाहिजे. ज्याने स्वतः पिकविलेली मेथी एकदा खाल्ली, तो टोमॅटोसाठी तीन महिने थांबावयास तयार होतो. त्याच दिवशी टोमॅटो व मिरची ह्यांचे बी वेगळ्या ट्रेमध्ये रोपांसाठी टाकून ठेवावे. मेथी सगळी एकदम पेरू नये. दर दहा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, म्हणजे एकदा ढीग आणि मग दुष्काळ असे होत नाही. मायाळूचा एक वेल मात्र प्रत्येक घरी असावा. तो फांदीपासून लागतो, फारशी मिजास करीत नाही, आणि इतर काही फसले तरी भजीस पाने देतो.

चौथ्या आठवड्यात विरळणी. दाट उगवलेली रोपे उपटून टाकताना नवशिक्याचा हात थरथरतो. परंतु दहास जागा असेल तेथे चाळीस ठेवली, तर चाळीसही खुरटतात. पाचव्या आठवड्यात कीड. प्रत्येक किडा शत्रू नव्हे; ठिपक्यांचा लाल ढालकिडा मावा खातो, त्यास मारू नये. मावा थोडा असेल तर पाण्याच्या धारेने धुऊन जातो. अधिक असेल तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. सहाव्या आठवड्यात पहिल्या मेथीची कापणी करावी आणि वहीत काय पेरले, किती खर्च झाला, किती भाजी निघाली हे प्रत्येकाने लिहावे. सातव्यात रोपांची लावणी, ती उन्हे उतरल्यावर. आठव्यात बी राखणे: संकरित वाणाचे बी पुढल्या वर्षी तसेच येत नाही, गावरान वाणाचे येते, हा भेद समजावून द्यावा. आणि ज्याने वर्ग पुरा केला त्याने पुढील वर्षी दोन नव्या कुटुंबांचा हात धरावा, एवढीच त्याची फी.

सावधगिरीचे चार शब्द

उत्साहास विवेकाची जोड हवी. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल एवढी ओली माती सुमारे पंचेचाळीस ते पन्नास किलो भरते. जुन्या इमारतीच्या गच्चीवर असे वाफे पसरण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा, आणि गच्ची गळत नाही हे पाहावे. गटाराच्या पाण्यावर भाजी कदापि वाढवू नये. त्यातून रोगजंतू आणि कारखान्यांचे विष दोन्ही ताटात येतात. वाहता रस्ता, जुन्या रंगाचे पापुद्रे पडणारी भिंत, किंवा जेथे पूर्वी बॅटऱ्यांचे काम चालत असे अशी जागा, ह्यांच्या मातीत शिसे असू शकते; तेथे बाहेरच्या स्वच्छ मातीचा उंच वाफाच करावा. कुंडीखालील बशीत पाणी साचू देऊ नये. तेथे डेंग्यूचा डास निपजतो, आणि भाजीपायी शेजाऱ्यास ताप देणे हा काही परोपकार नव्हे.

जमीन कोणाची?

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी येतो. ज्यांस ह्या भाजीची सर्वाधिक गरज, त्यांच्यापाशी गच्चीही नसते आणि सज्जाही नसतो. एका खोलीत सहा माणसे राहतात. कुंडी ठेवावयाची ती कोठे? त्यांस जमिनीचा तुकडाच हवा, आणि तो निदान तीन वर्षे हालणार नाही असा हवा. माती सुधारावयास दोन हंगाम लागतात. ती सुधारल्यावर जर ‘जागा खाली करा’ असे ऐकावे लागणार असेल, तर कोणताही शहाणा मनुष्य तेथे खत घालणार नाही. हवाना असो वा कागायान दे ओरो असो, आधी जमिनीच्या वापराची हमी मिळाली, मग भाजी मिळाली.

शहरात मोकळी जमीन कोणापाशी उरली आहे? नगरपालिकेपाशी, शाळांपाशी, आणि, स्पष्ट बोलावयाचे तर, आपल्यापाशी. आपली चर्चे, शाळा आणि मठ ह्यांची आवारे पूर्वजांच्या त्यागातून आपल्या वाट्यास आली आहेत. त्यांपैकी कित्येक ठिकाणी माती फरसबंदीखाली झाकली गेली आहे. रविवारी दोन तास गाड्या उभ्या राहतात आणि उरलेला आठवडा ते सिमेंट नुसते तापत असते. गाड्यांस जागा नको असे कोण म्हणेल? परंतु एका बाजूची दहा हात रुंद पट्टी उखडली, तर कोणत्या धर्मविधीस बाधा येणार आहे? जुन्या करारात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडून द्यावे अशी आज्ञा होती. रूथ त्याच आज्ञेच्या बळावर बवाजाच्या शेतात वेचावयास गेली. आपल्या आवाराची कड कोणासाठी सोडली आहे, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःस विचारावे.

हा प्रश्न धर्मगुरूंनी एकट्याने सोडवावयाचा नाही. धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत तो मांडावा, कोणत्या कुटुंबांस वाफे द्यावयाचे ते सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनी घरे पाहून ठरवावे, आणि जे ठरेल ते कागदावर लिहावे: कोणास, किती, किती वर्षे. जात, धर्म आणि भाषा पाहू नयेत; भुकेस धर्म नसतो आणि मेथीसही नसतो. पाण्याचे बिल कोण भरील, झारी कोठे राहील, परीक्षेच्या दिवसांत वाफ्यांस पाणी कोण घालील, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी आधीच ठरवाव्यात. चांगली कामे बहुधा मोठ्या विरोधाने बुडत नाहीत. हरवलेल्या झारीने बुडतात.

आपल्या घरी जागा असलेल्या वाचकांनीही हे दुसऱ्याचे काम समजू नये. घरातील मुलास एक ट्रे द्यावा आणि चार आठवडे त्यास त्याचा धनी करावे. बी उगवण्यापूर्वी तो दोनतीनदा माती उकरून पाहील, पाहू द्यावे. आपण पेरतो, परंतु उगवणे आपल्या हाती नाही, हा धर्मशिक्षणाचा पाठ त्यास इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही. आणि चार महिन्यांनी बाजारात भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना त्याची जीभ अडखळली, तर वर्गाचे सार्थक झाले असे समजावे. कारण एका जुडीमागे किती हातांचे कष्ट असतात हे त्यास आता ठाऊक झालेले असेल.

बाबेलच्या बंदिवासात गेलेल्या यहूदी लोकांस यिर्मया संदेष्ट्याने पत्र धाडले. ते लोक परक्या, अफाट शहरात खिन्न होऊन बसले होते आणि आज ना उद्या घरी जाऊ म्हणून दिवस मोजीत होते. संदेष्ट्याने त्यांस बंड करावयास सांगितले नाही, की नुसते रडत बसावयासही सांगितले नाही. तेथेच घरे बांधा, तेथेच मळे लावून त्यांचे फळ खा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या कल्याणासाठी झटा, अशा आशयाचा निरोप त्याने दिला. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील अशीच गावे सोडून ह्या शहरांत आले. गाव परत मिळणार नाही. परंतु पुढील पावसाळ्यास अद्याप अवकाश आहे; आवाराची एक पट्टी मोकळी करावयास, एका आजीस गुरू म्हणून बोलवावयास आणि मेथीचे पहिले पाकीट आणावयास तेवढा पुरे.